तीन रात्री हातात: फ्लॉरेन्स की बोलोन्या?

इटलीचा आराखडा बहुतेक घरांत सारखाच बनतो. रोमचे दिवस ठरतात, व्हेनिसचे ठरतात आणि मध्ये दोन-तीन रात्री उरतात. त्या फ्लॉरेन्सला द्यायच्या की बोलोन्याला, यावर घरात दोन तट पडतात. दोन्ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत, जलद गाडीने एकमेकांपासून ३७ ते ४० मिनिटांवर. मधला आपेनाइन डोंगर गाडी पोटातूनच पार करते. जेमतेम ७८ किलोमीटरांच्या त्या मार्गातले ७३ किलोमीटर बोगदे आहेत, तेव्हा खिडकीच्या जागेसाठी भांडू नका.

या प्रश्नावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: कला बघायची तर फ्लॉरेन्स, खायचं तर बोलोन्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे, आणि मराठी घराला त्याचा उरलेला अर्धा भाग जास्त कामाचा. पहिली गोष्ट म्हणजे या दोन शहरांत दिवस वेगळ्या पद्धतीने जातो. फ्लॉरेन्समध्ये तो तिकिटावर छापलेल्या वेळेप्रमाणे जातो, बोलोन्यात जेवणाच्या वेळेप्रमाणे. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळते. खाण्याची राजधानी म्हणून मिरवणारं बोलोन्या शाकाहारी माणसाला, आणि गाय-डुक्कर न खाणाऱ्यालाही, फ्लॉरेन्सपेक्षा अवघड जातं.

फ्लॉरेन्सचा दिवस

फ्लॉरेन्समध्ये तीन गोष्टींचं आरक्षण आधी करावंच लागतं: उफीत्सी संग्रहालय, आकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आणि दुओमोचा, म्हणजे मुख्य चर्चचा, घुमट. मार्च ते ऑक्टोबर जाणार असाल तर तिन्हींची तिकिटं काही आठवडे आधी काढा. तीही अधिकृत संकेतस्थळावरूनच, कारण गूगलवर आधी दिसणारी बरीच दुकानं तेच तिकीट दुप्पट भावाने विकतात. उफीत्सीचं तिकीट हंगामात २५ युरो आणि आरक्षणाचे वर ४. संग्रहालय सकाळी ८.१५ ला उघडतं. पहिल्या तासाचं तिकीट मिळालं तर बोत्तिचेल्लीच्या खोल्या डोक्यांच्या भिंतीशिवाय बघायला मिळतात. साडेदहानंतर त्याचं ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र लोकांच्या उंच धरलेल्या मोबाइलमधून बघावं लागतं. आतला वेळ तीन तास धरा.

उफीत्सी आणि आकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवार-सोमवार अशा दोनच रात्री फ्लॉरेन्सला असतील तर हा एक नियम अख्खी सहल उलटीपालटी करतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला गोड वाटतं, पण त्या दिवशी वेळेचं आरक्षण मिळत नाही. वाचलेले पैसे रांगेत फेडावे लागतात.

घुमटाची गोष्ट वेगळी. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट खालून लाकडी आधार न देता उभारला. आज वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. वाट दोन कवचांच्या मधून जाते, काही ठिकाणी खांदे दोन्ही भिंतींना लागतात. एकदा चढायला लागलं की मध्येच उलट फिरणं जवळजवळ अशक्य. गुडघे, दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी हट्ट करू नये. तिकिटावरची वेळ ठरलेली असते, उशीर झाला की ते वाया जातं आणि बदलूनही मिळत नाही. घुमट हवा असेल तर ‘ब्रुनेलेस्की’ नावाचा सुमारे ३० युरोंचा पास लागतो, तो तीन दिवस चालतो. ‘जोत्तो’ पासात ४१४ पायऱ्यांचा घंटाघराचा मनोरा येतो, घुमट येत नाही. ‘गिबेर्ती’ पासात चढायचं काहीच नाही. स्वस्त म्हणून गिबेर्ती घेऊन घुमटाच्या दारात उभं राहायचं, हा तिथला रोजचा गोंधळ. आमचं मत विचाराल तर मनोरा चढावा, कारण घुमटावरून सगळं दिसतं, फक्त घुमट दिसत नाही.

दुओमोच्या आत जायला तिकीट नाही, पण रांग लांब असते आणि रविवारी आतली जागा पर्यटकांसाठी बंद असते. आत शिरल्यावर थोडा अपेक्षाभंगही होतो, बाहेरच्या हिरव्या-गुलाबी संगमरवरापुढे आतली बाजू ओकीबोकी वाटते. रांगेत तास घालवण्यापेक्षा तोच वेळ सान मार्कोच्या मठाला द्यावा. भिक्षूंच्या लहान खोल्यांच्या भिंतींवर फ्रा आंजेलिकोने काढलेली चित्रं तिथे जागच्या जागी आहेत आणि गर्दी फार थोडी असते.

संध्याकाळी मात्र घड्याळ बाजूला ठेवता येतं. क्रूझच्या बोटींवरून आणि बसांमधून आलेले लोक सहाच्या सुमारास निघून जातात. मग १३४५ चा पोन्ते वेक्यो पूल, सिन्योरिया चौकातले पुतळे, नदीपलीकडची सान मिनियातोची टेकडी, हे सगळं फुकट आणि निवांत मिळतं. फ्लॉरेन्सला सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाट्याला शहराचा सर्वांत वाईट भाग येतो, तो यामुळे.

बोलोन्याचा दिवस

बोलोन्यात ज्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे आधी तिकीट काढावं लागतं असं फारसं काही नाही. शहराचं मुख्य आकर्षण म्हणजे रस्त्याकडेच्या कमानदार पडव्या, तिथल्या भाषेत पोर्तिको. सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पाऊस असो की ऊन, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बहुतेक वाट छपराखालून जाते. चाकाची बॅग ओढायलाही पडव्यांची गुळगुळीत फरशी बरी. फ्लॉरेन्सच्या दगडी रस्त्यांवर स्वस्त बॅगेची चाकं पहिल्याच दिवशी जातात.

जुनी माहिती वाचून निघालेल्यांची एक निराशा ठरलेली. आसिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढायचा बेत करू नका. शेजारचा चार अंश कललेला गारीसेन्दा मनोरा धोक्याचा ठरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून दोन्ही बंद आहेत आणि भोवती कुंपण आहे. बघायचे ते खालून. उंचावरून गाव पाहायचं असेल तर मुख्य चौकातल्या जुन्या महापालिकेच्या वाड्याचा घड्याळाचा मनोरा आहे.

त्याच चौकातलं सान पेत्रोनियो १३९० मध्ये बांधायला घेतलं आणि त्याचा दर्शनी भाग आजही अर्धाच संगमरवरी आहे, वरची नुसती वीट उघडी. आत जमिनीवर कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये आखलेली सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आहे. छतातल्या भोकातून येणारा सूर्याचा ठिपका दर मध्यान्हीला ती ओलांडतो. जवळच आर्किजिन्नाझियोत लाकडी शवविच्छेदनगृह आहे. १६३७ चं हे काम १९४४ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि ढिगाऱ्यातले तुकडे वेचून पुन्हा उभं केलं. विद्यापीठाची परंपरा १०८८ पासून सांगतात, त्यामुळे गाव आजही विद्यार्थ्यांचं आहे आणि रात्री जागं असतं.

बोलोन्यात एकच कलाकृती बघायला वेळ असेल तर सान्ता मारिया देल्ला वीता या चर्चमध्ये जावं. दार मासळी आणि हॅमच्या दुकानांच्या गल्लीत आहे, सहज चुकतं. आत निक्कोलो देल्लार्काने पंधराव्या शतकात घडवलेला भाजलेल्या मातीचा समूह आहे: आडवं ठेवलेलं येशूचं कलेवर आणि भोवती सहा माणसं. डावीकडचा गुडघ्यावर बसलेला माणूस सरळ आपल्याकडे बघतो. नजर उजवीकडे सरकत जाते तसा शोकाचा आवाज वाढत जातो, आणि अगदी टोकाला मारिया माग्दालेना धावत येऊन पोचली आहे. वस्त्र वाऱ्याने मागे फडफडतंय, हात पुढे, तोंड किंचाळीत पूर्ण उघडं, जीभ दिसते इतकं. फ्लॉरेन्समध्ये यासमोर रांग लागली असती. इथे बहुतेक वेळा तुम्ही आणि दोन-तीन जण.

सान लूकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंतही पडवीच जाते: ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी. सारागोत्सा वेशीपासून चालायला सव्वा तास धरा. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत वाट सपाट आहे, तिथून पुढे खरा चढ. पाण्याची बाटली खालीच भरून घ्या. चढ नको असेल तर मुख्य चौकातून पर्यटकांची छोटी गाडी वर नेते.

ताटात काय येतं

आधी बोलोन्याची बाजू मांडू, कारण तिथे जे मिळतं ते दुसरीकडे तसं मिळत नाही. क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत दुकानांच्या काचेमागे बायका पास्त्याची पोळी लाटत असतात. त्या पोळीला स्फोल्या म्हणतात आणि लाटणारीला स्फोल्यीना. १०० ग्रॅम बारीक मैद्याला एक अंडं, बाकी पाणी नाही, तेल नाही. कणीक दहा-पंधरा मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवतात. मग जवळजवळ मीटरभर लांबीचं लाटणं आणि मोठा लाकडी पाट. आपण पोळी गोल फिरवत लाटतो. इथे पोळीची कड लाटण्याला गुंडाळतात आणि तळहात मध्यापासून बाहेर सरकवत ती ताणतात. काही मिनिटांत पाटभर पसरते. पोळी उजेडात धरली की पलीकडचं सान लूका दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. लाकडाच्या खरबरीत पाटामुळे पोळीचा पृष्ठभाग किंचित खडबडीत राहतो आणि रागू, म्हणजे खिम्याचा सॉस, त्याला धरून बसतो. यंत्रातून काढलेली पट्टी गुळगुळीत असते, तिच्यावरून रस घसरतो. हाताने लाटलेली आणि पाकिटातली तालियातेल्ले (या पोळीच्या कापलेल्या पट्ट्या) यांच्या चवीतला फरक बराचसा इथेच आहे.

पट्टीची रुंदीसुद्धा ठरलेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. १९७२ मध्ये त्या मापाची सोन्याची पट्टी तिथल्या व्यापारी मंडळाकडे ठेवली आहे. इतकं वेड असलेल्या गावात ‘स्पॅगेटी बोलोनीज’ मागू नये, तो पदार्थ तिथला नाहीच.

आता अडचणीचं. त्या रागूत गोमांस आणि डुकराचा पान्चेत्ता दोन्ही असतात. गावाचा दुसरा अभिमान म्हणजे तोर्तेल्लीनी, सारण भरलेला छोटा पास्ता. त्याच्या सारणात डुकराचं मांस, हॅम आणि मोर्तादेल्ला नावाचा सॉसेज असतात, आणि तो मांस-हाडं उकळून केलेल्या ब्रोदोमध्ये येतो. मोर्तादेल्ला अर्थातच डुकराचा. मटण-कोंबडी खाणारं पण गाय आणि डुक्कर दोन्ही टाळणारं घर बोलोन्यात व्यवहारात शाकाहारीच ठरतं, हे जाण्याआधी ओळखून ठेवा.

आणि शाकाहारी म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच फसवं. हिरवी लझान्या पालकाने हिरवी होते, पण थरांत तोच रागू. बालान्झोनी नावाचे हिरवे तोर्तेल्लोनी दिसायला निरागस, सारणात रिकोत्ता या मऊ चीजबरोबर मोर्तादेल्ला. कांदा-टोमॅटोची फ्रिज्जोने ही चटणीसारखी भाजी पारंपरिक कृतीत डुकराच्या चरबीत शिजते. क्रेशेन्तीना, तिजेल्ला, पियादीना या पोळ्या-पुऱ्यांच्या पिठातही तीच चरबी असते. तिचं नाव स्त्रुत्तो, ते पाठ करून ठेवा. पियादीना काही ठिकाणी ऑलिव्ह तेलाची मिळते, पण विचारावं लागतं. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे चीजबाबत काटेकोर असाल तर तेही बाद. एवढं चाळल्यावर उरतात ते रिकोत्ता भरलेले, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले तोर्तेल्लोनी. ते खरोखर सुंदर असतात, पण तीन दिवस सहा वेळा तेच खाणार का? तेही पार्मिजानो आणि अंडं चालत असेल तर. बाजूला पिझ्झा आहे आणि मेर्कातो देल्ले एर्बे या मंडईतली भाजी-फळं आहेत.

फ्लॉरेन्सची ख्याती मांसाचीच आहे. फियोरेन्तीना हा गोमांसाचा तीन-चार बोटं जाडीचा, एक ते दीड किलोचा तुकडा. आत लालच राहतो, ‘नीट शिजवून द्या’ म्हटलं तर नाही म्हणतात. त्याचा भाव थाळीचा नसतो, वजनाचा असतो. ‘एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम, तो शब्द न वाचता मागवला की बिल दहापट येतं. रस्त्याकडेच्या गाड्यावर लांप्रेदोत्तो मिळतो: गाईच्या चौथ्या जठराचे तुकडे पावात, पावाचा वरचा अर्धा भाग रश्शात बुडवून, वर हिरवी चटणी. आतड्या-वजडीचं वावडं नसलेल्या आणि गोमांस खाणाऱ्याने तो चुकवू नये. जुन्या मंडईतला नेर्बोनेचा गाळा १८७२ पासून तेच विकतो.

पण तोस्कानाच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातल्या, शेतकऱ्याच्या घरात मांस रोज नसायचं, शिळा पाव आणि कडधान्य असायचं. तेच पदार्थ आज फ्लॉरेन्सच्या साध्या खानावळीच्या फळ्यावर लिहिलेले असतात, आणि आपल्याला तेच उपयोगी पडतात. रिबोल्लीता म्हणजे पांढरा घेवडा, काळपट पानांचा कोबी आणि शिळा पाव यांचं घट्ट सूप. पुन्हा उकळलेलं, हाच नावाचा अर्थ. चमचा उभा राहिला तर जमलं. थंडीत खावं. पाप्पा आल पोमोदोरो टोमॅटो-पावाचं, तेही असंच मऊ. उन्हाळ्यात पान्झानेल्ला: भिजवून पिळलेला पाव, टोमॅटो, कांदा, तुळशीच्या कुळातली बेझिलची पानं, वर ऑलिव्ह तेल. फाजोली आल्लुच्चेल्लेत्तो या पदार्थाच्या नावात पाखरू आहे, ताटात फक्त टोमॅटोतला घेवडा. अंडं न खाणाऱ्यांसाठी पीची हे जाड हातवळे शेवयांसारखे पास्ते, मूळचे सिएनाकडचे, बहुधा नुसत्या पीठ-पाण्याचे. लसूण-टोमॅटोच्या आल्योने रसात मागवावेत.

फसवणूक इथेही आहे. ‘क्रोस्तीनी तोस्कानी’ म्हणजे कोंबडीच्या काळजाचं वाटण लावलेला पाव, रंगावरून कळत नाही. रिबोल्लीतात कधी कधी पान्चेत्ता किंवा हॅमचं हाड पडतं, विचारून घ्यावं. आणि टेबलावरचा पाव अळणी लागला तर परत पाठवू नका. तोस्कानाचा पाव मिठाशिवायच करतात. स्कियाच्चाता ही ऑलिव्ह तेलाची चपटी पोळी मात्र खारट असते. आत पेकोरीनो चीज आणि भाजलेल्या भाज्या भरून घेतली की सात-आठ युरोत दुपार निघते.

दोन्हीकडे ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. हॅमचे बारीक तुकडे आणि मांसाचं पाणी बऱ्याच जणांच्या हिशोबात मांस नसतं. एक-एक करून सांगावं: ‘निएन्ते प्रोशुत्तो, निएन्ते ब्रोदो दी कार्ने, निएन्ते स्त्रुत्तो, निएन्ते आच्चुगे.’ शेवटचा शब्द छोट्या खारवलेल्या माशांचा.

जेवणाच्या वेळा दोन्ही गावांत सारख्याच कडक. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. साडेतीनला भूक लागली तर बारमधला सँडविच, खानावळीचं स्वयंपाकघर बंद. बोलोन्यात शुक्रवार-शनिवारी रात्रीचं टेबल दोन दिवस आधी सांगून ठेवावं. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागतो, तो बसण्याचा आकार आहे. त्यावर वेगळी टीप देण्याची सक्ती नाही.

पोचणं, राहणं, महिना

भारतातून थेट विमान दोहोंपैकी कुठेच नाही. दुबईहून बोलोन्याला थेट विमान आहे, त्यामुळे एकदाच बदलून थेट या भागात उतरता येतं. बोलोन्याच्या विमानतळावरून मार्कोनी एक्सप्रेस ही एकरूळ गाडी सात-आठ मिनिटांत मुख्य स्थानकावर सोडते, पण अंतराच्या मानाने महाग आहे, साधारण ११ ते १३ युरो. फ्लॉरेन्सची टी-२ ट्राम विमानतळावरून वीस मिनिटांत स्थानकापर्यंत येते, पावणेदोन युरोंच्या आसपास. पण फ्लॉरेन्सचा विमानतळ लहान, धावपट्टी आखूड, शेजारी डोंगर. वारा फिरला की विमान पीसाला किंवा बोलोन्यालाच उतरवतात आणि पुढे बसने आणतात. पुढची गाडी किंवा संग्रहालयाची वेळ त्याच दुपारी ठेवू नका.

बोलोन्यातली हॉटेलं एरवी फ्लॉरेन्सपेक्षा स्वस्त पडतात, पण तिथे मोठमोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात: मार्चमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं, मार्च-एप्रिलकडे बालपुस्तकांचं, सप्टेंबरअखेर फरशी-टाइल्सचं. त्या दिवसांत खोलीचा भाव दुपटीवर जातो आणि तरी मिळत नाही. तारखा ठरवण्याआधी प्रदर्शनांचं वेळापत्रक बघा. फ्लॉरेन्समध्ये जुन्या गावाबाहेर, पण ट्रामच्या रुळाजवळ खोली घेतली तर भाव बराच उतरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही गावं भाजून काढतात. फ्लॉरेन्स टेकड्यांच्या वाटीत आहे, बोलोन्या पो नदीच्या दमट मैदानाच्या कडेला. १५ ऑगस्टच्या आगेमागे बोलोन्यातल्या घरगुती खानावळी कुलूप लावून समुद्रावर जातात, म्हणजे तिथे जाण्याचं मुख्य कारणच बंद. फ्लॉरेन्स तेव्हाही उघडं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र उलट: पावसात पडव्यांचा उपयोग होतो, तोर्तेल्लीनीच्या वाफाळत्या ब्रोदोचा हंगामही तोच. थंडीत बोलोन्याचं पारडं जड, उन्हाळ्यात फ्लॉरेन्सचं. दोघांनाही एप्रिल आणि ऑक्टोबर सोसतात.

कोल्हापूरची छत्री

फ्लॉरेन्सच्या बाजूने एक कारण असं आहे की ते फक्त आपल्यालाच लागू पडतं. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं, आणि १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. चार्ल्स फुलरने घडवलेला रंगीत अर्धपुतळा, वर भारतीय धाटणीची छत्री. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मॅंट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुविशारदही तेच. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलालाही त्याच नावाने ओळखतात.

स्मारक काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामचा काशिने थांबा उद्यानाच्या शहराकडच्या बाजूला आहे, तिथून झाडीतून बरंच चालायचं आहे. जाऊन-येऊन अर्धा दिवस किंवा भाड्याची सायकल. दिवसाउजेडी जावं, संध्याकाळनंतर उद्यानाचा तो भाग ओस पडतो. संग्रहालयं बंद असतात त्या सोमवारचं हे चांगलं काम आहे.

मग मुक्काम कुठे

स्वस्त पडतं म्हणून बोलोन्यात राहा आणि फ्लॉरेन्स एका दिवसात उरका, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही नेमकं उलट सांगू. फ्लॉरेन्सला एक दिवस जायचं तर दोन आरक्षित वेळा, त्यांच्या मध्ये अडकलेलं जेवण, आणि गाव रिकामं होऊ लागतं तेव्हा तुम्ही स्थानकाकडे धावताय. बोलोन्याला एक दिवस जायचं तर काहीच आरक्षित नाही, जेवण दुपारचं, आणि मांसाहारी माणसाला जे हवं ते तीन तासांत ताटात. तीन रात्री, पहिली खेप: मुक्काम फ्लॉरेन्स, मधला एक दिवस बोलोन्या. कडक शाकाहारी घराला तर दुसरा पर्यायच सुचवणार नाही.

फ्लॉरेन्स आधी पाहिलं असेल, संग्रहालयांचा कंटाळा असेल, किंवा खाण्यात काहीच वर्ज्य नसेल तर तिन्ही रात्री बोलोन्यात काढाव्यात. तिथून मोदेना साध्या गाडीने अर्ध्या तासावर आहे. निदान बारा वर्षं लाकडी पिंपांत मुरलेलं खरं बाल्सामिक व्हिनेगर तिथे घराच्या माळ्यावर बघता येतं. रावेन्नाची मोझेइक सव्वा तासावर. सोबत वयस्कर माणसं असतील तरी बोलोन्या सोपं: सपाट, सावलीचं, रांगा नसलेलं. दोनच रात्री असतील तर एक-एक अशी वाटणी करू नका. खोली सोडणं, सामान ठेवणं, पुन्हा खोली मिळणं यात अर्धा दिवस जातो.

फ्लॉरेन्सहून बोलोन्याचा दिवस साधारण असा बसवावा. साडेनऊची जलद गाडी, सव्वादहाला बाहेर. स्थानकाच्या भिंतीवरचं एक घड्याळ १०.२५ ला थांबलेलं दिसेल, ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० च्या स्फोटात ८५ माणसं गेली, तेव्हाची ती वेळ. इन्दिपेन्देन्झा रस्त्याच्या पडवीतून वीस मिनिटांत मुख्य चौक. सान पेत्रोनियो, शवविच्छेदनगृह, बाजार, माग्दालेना. पाऊण वाजता जेवायला बसा, एकनंतर जागा मिळत नाही. जेवणानंतर सान्तो स्तेफानोचा सात देवळांचा समूह आणि सान दोमेनिको. तिथल्या संताच्या समाधीवर विशीच्या आतबाहेरच्या मायकेलअँजेलोने केलेल्या तीन छोट्या मूर्ती आहेत. दुपारी देवळं काही तास बंद असतात, त्यामुळे चारपर्यंत एखाद्या चौकात कॉफी. सान लूका या दिवसात बसवू नका, बसत नाही.

जलद गाडीचं तिकीट ठरावीक गाडीचंच असतं, आधी काढलं तर १० ते २० युरोत मिळतं, आयत्या वेळी बरंच चढतं. साधी गाडी प्रातोला बदलून दीड-पावणेदोन तास घेते. तिचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात छापून घ्यावं लागतं, विसरलं तर दंड. संपाच्या दिवशी साध्या गाड्या आठवड्यातल्या कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ हमखास धावतात, परतीचा बेत त्यात बसवा. फ्लॉरेन्सचं इटालियन नाव फिरेन्झे, तेव्हा फ्लॉरेन्स शोधताना ‘फिरेन्झे एस. एम. एन.’ (सान्ता मारिया नोव्हेल्ला, मुख्य स्थानक) हेच नाव वाचा, काम्पो दी मार्ते हे त्याच शहराचं दुसरं स्थानक आहे. आणि बोलोन्याहून परतताना फलाट १६ ते १९ पैकी लिहिला असेल तर तो जमिनीखाली वीसेक मीटर खोल आहे, सरकते जिने उतरून पोचायला दहा मिनिटं लागतात.